पोरगा टेक्सासला गेला, टॅक्स मात्र कॅलिफोर्नियातच राहिला

जानेवारी संपत आला की माझ्या फोनला उसंत नसते. तिकडं अमेरिकेत ३१ जानेवारीपर्यंत कंपन्यांनी पोरांना डब्ल्यू-२ द्यायचा असतो, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, आपल्या फॉर्म १६ सारखाच म्हणा, आणि तो हातात पडला की पोरं आधी आईला फोटो पाठवतात आणि आई मला. मागच्या अंकात मी लिहिलं होतं की घरून काम करणारी पोरं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेली की टॅक्सचा घोळ होतो, तेव्हापासून शिवाजी पेठेपासून ताराबाई पार्कापर्यंत सगळीकडून तेच प्रश्न आलेत. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं गाळलीत, आकडे विचारणाऱ्यांनी दिलेलेच ठेवलेत.

प्रश्न : मॅडम, मुलगा सॅन होजेला होता, गेल्या वर्षी १ ऑगस्टला ऑस्टिनला राहायला गेला. कंपनी तीच, काम पूर्ण घरूनच. सगळे म्हणाले टेक्सासला टॅक्स नाही, पैसे वाचतील. आता डब्ल्यू-२ आलाय तर त्यात वर्षभराचा सगळा पगार कॅलिफोर्नियाच्या नावावर दाखवलाय आणि टॅक्सपण बारा महिने तिकडंच कापलाय. पगार वर्षाला १ लाख २० हजार डॉलर. शिवाय कंपनीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये देऊ केलेले शेअर २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या नावावर झाले, १६ हजार डॉलरचे, ते वेगळे. तो म्हणतो, जाऊ दे आई, कोण भांडत बसणार. मला झोप लागंना झालीय. पैसे परत मिळतील काय? तो एच-१बी व्हिसावर आहे, कंपनीनं काढून दिलेल्या नोकरीच्या. तो ऑस्टिनला पोचला तो दिवस मी कालनिर्णयवर लिहून ठेवलाय, माझ्याकडं पुरावा म्हणून एवढंच आहे. (एक आई, शिवाजी पेठ)

उत्तर : ताई, पैसे मिळतील. सगळे नाही, पण बरेचसे मिळतील, आणि त्याला ‘कोण भांडत बसणार’ असं अजिबात म्हणू देऊ नका, कष्टाचे पैसे आहेत ते.

आधी हे असं का होतं ते सांगते. आपल्याकडं पगारावरचा इन्कम टॅक्स एकच, केंद्राचा. कोल्हापूरचा माणूस उद्या निपाणीला राहायला गेला, म्हणजे महाराष्ट्र सोडून कर्नाटकात गेला, तरी त्याच्या इन्कम टॅक्सला काही फरक पडत नाही. अमेरिकेत केंद्राचा टॅक्स वेगळा, त्याला ते फेडरल म्हणतात, आणि त्याच्यावर राज्याचा वेगळा. विस्कॉन्सिन राज्यानं तर १९११ मध्येच स्वतःचा इन्कम टॅक्स चालू केला, केंद्राला मात्र घटनादुरुस्ती होईपर्यंत थांबावं लागलं, ती झाली १९१३ मध्ये. आज पन्नासातली ४१ राज्यं पगारावर टॅक्स घेतात आणि नऊ घेत नाहीत, ती नऊ म्हणजे टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, नेवाडा, टेनेसी, वायोमिंग, साउथ डाकोटा, न्यू हॅम्पशायर आणि अलास्का. घेणाऱ्यांचे दर पण एकसारखे नाहीत, ॲरिझोनात सरसकट अडीच टक्के आणि कॅलिफोर्नियात चढत चढत वरच्या टोकाला १३.३ टक्के.

आता राज्य दोन गोष्टी बघतं. माणसाचं घर कुठं आहे, आणि काम करताना माणूस कुठं बसला होता. ज्या राज्यात तुमचं घर आहे, म्हणजे तुम्ही तिथले रेसिडेंट आहात, ते राज्य तुमच्या सगळ्या कमाईवर टॅक्स लावतं, कमाई जगात कुठूनही येऊ दे. आणि जिथं तुमचं घर नाही पण काम तिथं बसून केलंय, ते राज्य तेवढ्या कामाच्या पगारावर लावतं. कंपनीचं हेड ऑफिस कुठं आहे याला कॅलिफोर्नियाच्या बाबतीत महत्त्व नाही (न्यूयॉर्कचं वेगळं आहे, ते पुढच्या प्रश्नात येतंय). म्हणजे तुमचा मुलगा १ ऑगस्टपासून ऑस्टिनच्या घरात बसून काम करतोय आणि त्याचं घर खरंच ऑस्टिनला आहे, तर त्या दिवसापासूनच्या पगारावर कॅलिफोर्नियाचा हक्क नाही. महिन्याला १० हजार धरले तर सात महिन्यांचे ७० हजार कॅलिफोर्नियाचे आणि पाच महिन्यांचे ५० हजार सुटले.

शेअरचं गणित मात्र वेगळं आहे आणि इथं भलेभले फसतात. शेअर नावावर झाले तेव्हा मुलगा टेक्सासात होता म्हणून ते टेक्सासचे, असं होत नाही. देऊ केल्याच्या दिवसापासून नावावर होईपर्यंतच्या काळात कामाचे किती दिवस कॅलिफोर्नियात गेले ते बघतात. नोव्हेंबर २०२३ ते नोव्हेंबर २०२५ म्हणजे २४ महिने, त्यातले २१ कॅलिफोर्नियात. खरा हिशोब कामाच्या दिवसांवर होतो, पण मोटामोटी १६ हजारातले १४ हजार कॅलिफोर्नियाचेच. तो तिथं असताना केलेल्या कामाचा बोनस नंतर मिळाला असेल तर त्यालाही हेच लागू. म्हणजे कॅलिफोर्नियाचा आकडा ८४ हजाराच्या आसपास येईल आणि डब्ल्यू-२ वर आहे १ लाख ३६ हजार.

आणखी एक, परतावा किती येईल याचा अंदाज बांधताना पोरं ८४ हजारावर खालच्या स्लॅबपासून टॅक्स मोजतात आणि मग आकडा कमी आला की हिरमुसतात. कॅलिफोर्निया आधी वर्षभराच्या सगळ्या कमाईवर दर काढतं आणि तो दर या ८४ हजाराला लावतं. म्हणजे अर्धं वर्ष राहिला म्हणून स्लॅब खाली येत नाही, फक्त रक्कम कमी होते.

आता करायचं काय. डब्ल्यू-२ च्या खालच्या बाजूला १५, १६, १७ असे रकाने असतात, राज्य कुठलं, त्या राज्याचा पगार किती, त्या राज्याचा टॅक्स किती. त्याला आजच पेरोलला, म्हणजे कंपनीत पगार काढणाऱ्यांना, मेल करायला सांगा की १६ नंबरचा आकडा चुकलाय, दुरुस्त करून द्या. दुरुस्त केलेल्या दाखल्याला डब्ल्यू-२सी म्हणतात. पेरोलवाले बऱ्याचदा टाळाटाळ करतात, तेव्हा निदान ‘हा कर्मचारी अमुक तारखेपासून टेक्सासातून काम करतोय’ एवढं एचआरकडून लेखी घ्यावं. मग कॅलिफोर्नियाचा ५४० एनआर हा फॉर्म भरायचा, अर्धवट वर्ष राहिलेल्यांसाठी आणि राज्याबाहेर राहणाऱ्यांसाठी तोच असतो, त्यात खरी विभागणी दाखवायची आणि डब्ल्यू-२ शी आकडा का जुळत नाही त्याचं एक पान जोडायचं. मुदत १५ एप्रिल. यावर्षी नाहीच जमलं तरी घाबरायचं कारण नाही, कॅलिफोर्नियात परतावा मागायला साधारण चार वर्षं असतात, पण एवढं थांबायचंच कशाला.

पुराव्याबद्दल तुम्ही लिहिलंत की कालनिर्णयशिवाय काही नाही. ताई, ती नोंद ठेवलीत ते फार चांगलं केलंत, कारण तारीख हीच सगळ्यात आधी विसरते. माझ्या धाकट्या भावाचं सांगते. तो न्यू जर्सी सोडून डॅलसला गेला, सामान पुढं पाठवलं, हा गाडी चालवत निघाला, वाटेत मित्राकडं राहिला, आणि नेमकं कधी पोचला ते कुठंच लिहिलं नाही. तीन वर्षांनी पत्र आलं की तुमची राज्य सोडल्याची तारीख सिद्ध करा. इकडं रात्रीचे अकरा वाजलेले, मी राजारामपुरीत घरी, तो तिकडं, व्हिडिओ कॉल चालू आणि आम्ही दोघं बँकेचं स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचतोय. टोलची नोंद इथं संपते, पेट्रोल व्हर्जिनियात भरलंय, मग टेनेसीत, मग एका दुकानात पडद्याची दांडी आणि बादली घेतलीय डॅलसमध्ये, सकाळी नऊ वाजून काही मिनिटांनी. ती बादलीची पावती आम्हाला सापडली तेव्हा आई मागं उभी होती, ती म्हणाली, अगं त्याच दिवशी तर त्यानं फोन केला होता की पोचलो. कुणी लिहून ठेवलं असतं तर चार रात्री वाचल्या असत्या.

तर मुलाकडून ही कागदं गोळा करून घ्या, सॅन होजेचं घर सोडल्याचा आणि ऑस्टिनच्या घराचा भाडेकरार, दोन्हीकडची लाइटबिलं, सामान हलवणाऱ्याची पावती, टेक्सासचं गाडीचं रजिस्ट्रेशन आणि लायसन्स. टेक्सासात नवीन आलेल्यानं गाडी ३० दिवसांत आणि लायसन्स ९० दिवसांत करायचं असतं. सहा महिने झाले तरी त्याच्या खिशात कॅलिफोर्नियाचंच लायसन्स असेल तर कॅलिफोर्नियावाले म्हणणार की हा परत यायच्या विचारानंच गेलाय. थोड्या दिवसांसाठी गेलेला माणूस जुन्याच राज्याचा रेसिडेंट राहतो, आणि मग टेक्सासात बसून कमावलेले पण त्यांचेच.

पण तुमच्या पत्रातली एक ओळ वाचून मी थांबले, तो एच-१बी वर आहे. पेरोलला पत्ता माहीत नाही याचा अर्थ कदाचित कंपनीच्या व्हिसावाल्या वकिलांनाही माहीत नाही. एच-१बी मध्ये काम करायचं ठिकाण अर्जात लिहिलेलं असतं आणि त्या शहराच्या परिसराबाहेर गेलं तर तिथं काम सुरू करायच्या आधी कंपनीला नवीन लेबर अर्ज आणि सुधारित पिटिशन द्यावी लागते. २०१५ च्या सिमियो सोल्युशन्स प्रकरणात इमिग्रेशन खात्यानं हे स्वच्छ सांगितलंय. सॅन होजे कुठं आणि ऑस्टिन कुठं. ते झालेलं असेल तर प्रश्नच नाही, पेरोलची नुसती चूक आहे. झालेलं नसेल तर टॅक्सच्या आधी ते बघा, आज रात्रीच्या फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा. टॅक्सचे पैसे वर्षभरानं पण मागता येतात, व्हिसाचं तसं नाही.

प्रश्न : मुलगी न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला राहायची, मागच्या एप्रिलमध्ये ती आणि जावई न्यू जर्सीत एडिसनला गेले. तिचं ऑफिस मॅनहॅटनला, आठवड्यात २ दिवस जाते आणि ३ दिवस घरून. घरच्या ३ दिवसांचा पगार तरी न्यू जर्सीचा व्हायला पाहिजे ना? तिला कुणी सांगितलं की तो पण न्यूयॉर्कचाच. आणि मग दोन्ही राज्यं टॅक्स घेणार म्हणजे एका पगारावर दोनदा? जावई फिलाडेल्फियाच्या कंपनीत आहेत, आठवड्यातून एकदा जातात. (सेवानिवृत्त शिक्षक, राजारामपुरी)

उत्तर : सर, तिला सांगितलंय ते बरोबर आहे आणि मला मनापासून वाटतं की हा नियम अन्यायाचा आहे. न्यूयॉर्क म्हणतं, तुमचं ऑफिस आमच्याकडं आहे आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी बाहेर बसून काम करता, तर ते दिवस आम्ही न्यूयॉर्कमध्येच धरणार. मालकाच्या गरजेसाठी बाहेर काम करावं लागलं तरच सूट. पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर पण असंच धरतात, पण सगळ्यात जास्त माणसं सापडतात ती न्यूयॉर्कच्या तावडीत.

एक प्राध्यापक या नियमाशी कोर्टात भांडले होते, एडवर्ड झेलिन्स्की. राहायला कनेटिकटमध्ये, न्यू हेवनला, आणि शिकवायला मॅनहॅटनच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये, टॅक्सचा कायदाच शिकवायचे. शिकवायच्या दिवशी न्यूयॉर्कला जायचे आणि बाकीचे दिवस घरी लिखाण-वाचन. त्यांचं म्हणणं साधं होतं, ज्या दिवशी मी तुमच्या राज्यात पाऊल ठेवलं नाही त्या दिवसाचा टॅक्स तुम्हाला कसा? १९९४ आणि १९९५ या वर्षांच्या टॅक्सचा वाद होता, तो राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेला आणि २००३ मध्ये ते हरले. टॅक्सचा कायदा शिकवणारा माणूस हरला तिथं आपल्या मुलीनं ‘मी घरी होते’ एवढंच लिहून सुटायची आशा धरू नये.

आता दोनदा टॅक्सचं. भरताना फॉर्म दोन भरावे लागतील, पण पैसे बहुतेक दोनदा जाणार नाहीत. न्यू जर्सी तिला तिथली रहिवासी म्हणून सगळ्या पगारावर टॅक्स लावेल आणि न्यूयॉर्कला भरलेल्याचं क्रेडिट देईल, म्हणजे ते आपल्या टॅक्समधून वजा करेल. क्रेडिट किती, तर त्या कमाईवर जर्सीचा जेवढा टॅक्स झाला असता तेवढंच. न्यूयॉर्कचा टॅक्स जास्त झाला तर वरचा फरक परत मिळत नाही. म्हणून न्यूयॉर्कचा फॉर्म आधी करायचा, आयटी-२०३, तो आकडा पक्का झाला की मग जर्सीचा. उलट्या क्रमानं करणारी बरीच पोरं बघितलीत, मग सगळं परत खोडत बसावं लागतं.

तिचा खरा फायदा दुसरीकडंच आहे आणि तो तिच्या लक्षात आलाय का ते विचारा. क्वीन्सला असताना ती राज्याच्या टॅक्सवर न्यूयॉर्क शहराचा टॅक्स पण देत होती, तो वरच्या टोकाला ३.८७६ टक्के असतो. शहराचा टॅक्स फक्त शहरात राहणाऱ्यांना लागतो, बाहेरून कामाला येणाऱ्यांचा १९९९ मध्ये बंद झाला. म्हणजे एप्रिलमध्ये ज्या दिवशी घर सोडलं त्या दिवसापासून शहराचा टॅक्स बंद व्हायला पाहिजे. एप्रिल ते डिसेंबरच्या स्लिपा काढून बघायला सांगा, डब्ल्यू-२ वर शहराचे रकाने १८, १९, २० आहेत. अजून कापत असतील तर आयटी-२१०४.१ हा फॉर्म पेरोलला द्यायचा आणि कापलेले आयटी-२०३ मध्ये परत मागायचे. क्वीन्सचा फ्लॅट मात्र पूर्ण सोडलाय ना? तिकडं कायमची राहायची सोय ठेवली आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस न्यूयॉर्कमध्ये गेले तर न्यूयॉर्क तिला परत रेसिडेंट धरू शकतं, आणि दिवस मोजताना दुपारी तासभर गेलं तरी तो पूर्ण दिवस. आठवड्याला दोन दिवस म्हणजे शंभरच्या आसपास, त्यामुळं सध्या काळजी नाही.

या नियमातून बाहेर पडायचा सरळ रस्ता एकच, तिच्या कंपनीचं न्यू जर्सीत खरंखुरं ऑफिस असेल तर नेमणूक तिकडं करून घ्यायची, लेखी, आणि खरंच तिकडं जायचं. नुसतं कागदावर दाखवून काही होत नाही.

जावयांचं सोपं आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांत करार आहे, पगाराचा टॅक्स फक्त राहतो तिथं. त्यांनी कंपनीला तसा फॉर्म दिला की पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स कापणं बंद. फिलाडेल्फिया शहराचा पगारावर वेगळा वेज टॅक्स असतो, तो या करारात येत नाही, ऑफिसला जातात त्या दिवसांचा तो लागतोच, आणि घरून काम कंपनीनं सांगितलेलं नसून स्वतःच्या सोयीसाठी असेल तर त्या दिवसांचाही लागतो.

प्रश्न : मी बेंगळुरूच्या कंपनीत, काम पूर्ण वेळ कोल्हापुरातून, उचगावला घर आहे. पगारातून दर महिन्याला २०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापतात तो कर्नाटकचा दाखवतात. मला महाराष्ट्राचा पण भरावा लागेल का? आणि रिटर्न कुठल्या राज्यात?

उत्तर : तुमचं रिटर्न कुठल्याच राज्यात नाही, ते केंद्राकडं आणि एकच. प्रोफेशन टॅक्स मात्र राज्याचा असतो, घटनेच्या २७६ कलमात त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा आहे, म्हणून तर महाराष्ट्रात अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा हिशोब बसवलाय. तुम्ही काम महाराष्ट्रात करता त्यामुळं कापायचा तो इथला, कंपनीच्या पेरोलमध्ये तुमचं कामाचं ठिकाण बेंगळुरू पडलंय ते बदलून घ्या. जुनी करप्रणाली घेतली असेल तर ही रक्कम पगारातून वजा मिळते, नवीन मध्ये नाही.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये धाकटीचं लग्न आहे. मोठा मुलगा शिकागोला असतो, तो दहा आठवडे इथं राहून इथूनच काम करणार म्हणतोय, रात्री जागून. इथं बसून काम केलं तर त्याला इकडचा टॅक्स लागेल का, आणि तेवढे दिवस तिकडचा राज्याचा टॅक्स थांबेल का? (वडील, कसबा बावडा)

उत्तर : काका, आधी लग्नाच्या शुभेच्छा. तिकडचा थांबणार नाही. शिकागो इलिनॉयमध्ये, तिथं सरसकट ४.९५ टक्के, आणि त्याचं घर तिथंच आहे म्हटल्यावर तो दहा आठवडे बाहेर असला तरी तिथलाच रेसिडेंट. काही पोरं अशा वेळी भाडं वाचवायला फ्लॅट सोडतात, सामान गोदामात टाकतात आणि समजतात आता आपण कुठल्याच राज्याचे नाही. तसं होत नाही. दुसरीकडं नवीन घर होईपर्यंत जुनं राज्य सोडत नाही.

इकडचं म्हणाल तर, भारतात बसून केलेल्या कामाचा पगार ही भारतातली कमाई धरतात, पैसे शिकागोच्या बँकेत पडले तरी. पण भारत-अमेरिका करारात सोय आहे, माणूस त्या वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त भारतात नाही, पगार देणारी कंपनी भारतातली नाही आणि त्या पगाराचा बोजा कंपनीच्या भारतातल्या शाखेवर पडत नाही, या तिन्ही गोष्टी असतील तर टॅक्स फक्त अमेरिकेत. दहा आठवडे म्हणजे सत्तर दिवस, त्यात बसतंय. आपल्याकडं वर्ष एप्रिल ते मार्च मोजतात हे त्याला सांगा, म्हणजे त्याच वर्षात गणपतीला येऊन गेला असेल तर ते दिवस पण मिळवायचे. कंपनीची भारतात शाखा असेल तर त्याचा पगार तिच्या खात्यात टाकत नाहीत ना हे विचारून घ्या. आणि हा करार अमेरिकेच्या केंद्राशी झालेला आहे, तिकडची राज्यं त्यात बांधलेली नाहीत. कॅलिफोर्निया तर असे करार मानतच नाही, त्यामुळं एका पोराचं बघून दुसऱ्यानं तसंच करायला जाऊ नये.

कंपनीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय लॅपटॉप विमानात चढवू नका एवढं मात्र त्याला माझ्याकडून सांगा. बऱ्याच कंपन्या देशाबाहेरून लॉगिन झालं की खातंच बंद करतात आणि ऐन हळदीच्या दिवशी तो कस्टमर केअरला फोन लावत बसायला नको.

प्रश्न : आम्ही दोघं २६ वर्षं सॅन डिएगोला होतो, दोन वर्षांपूर्वी कायमचे कोल्हापूरला आलो. तिकडच्या ४०१(के) मधून, म्हणजे नोकरीत असताना निवृत्तीसाठी साठवलेल्या खात्यातून, थोडे थोडे पैसे काढतो. तिकडचं घर विकलेलं नाही, भाड्यानं दिलंय. आता कॅलिफोर्नियाच्या फ्रँचाइज टॅक्स बोर्डाचं, म्हणजे तिथल्या इन्कम टॅक्स खात्याचं, पत्र आलंय की रिटर्न का भरलं नाही. ज्या राज्यात राहत नाही त्याला टॅक्स का द्यायचा? (ज्येष्ठ दांपत्य, ताराबाई पार्क)

उत्तर : काका-काकू, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमचं एक बरोबर आहे, एक नाही.

४०१(के) चं बरोबर आहे. पूर्वी राज्यं म्हणायची की हे पैसे तुम्ही आमच्याकडं नोकरी करताना साठवलेत, तर कुठंही जाऊन राहा, काढताना आम्हाला टॅक्स द्या. निवृत्त होऊन नेवाडा-फ्लोरिडाला गेलेल्या माणसांना अशी बिलं जायची. १९९६ च्या जानेवारीत केंद्रानं कायदा करून ते बंद केलं. आता जो माणूस त्या राज्याचा रहिवासी राहिलेला नाही त्याच्या निवृत्तीच्या पैशावर, म्हणजे ४०१(के), आयआरए, नेहमीची पेन्शन, यावर ते राज्य टॅक्स लावू शकत नाही. राज्याचाच हा प्रश्न सुटला, केंद्राचा टॅक्स आणि भारतातलं रिटर्न आपापल्या जागी राहतात.

भाड्याचं मात्र तसं नाही. जमीन-घर जिथं आहे तिथलं राज्य त्याच्या भाड्यावर टॅक्स घेतंच, मालक कोल्हापुरात असो नाहीतर कुठंही. दोन वर्षांचं भाडं आलंय आणि ५४० एनआर भरलेलं नाही, म्हणून पत्र आलंय. घाबरू नका. भाड्यातून घराच्या कर्जाचं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स, दुरुस्ती आणि घसारा वजा होतो, त्यामुळं बऱ्याचदा टॅक्स अगदी थोडा निघतो, पण फॉर्म भरल्याशिवाय ते त्यांना कळणार कसं. तिकडं घर बघणारा एजंट असेल तर त्यानं भाड्यातून ७ टक्के कापून बोर्डाकडं भरलेत का तेही विचारा, राज्याबाहेरच्या मालकाच्या बाबतीत वर्षाला १,५०० डॉलरच्या वर भाडं गेलं की तसं कापायचं असतं. कापलेले असतील तर ते तुमच्याच नावावर जमा आहेत आणि रिटर्न भरल्याशिवाय ते परत येणार नाहीत.

पत्रावर उत्तराची तारीख छापलेली असते ती आधी बघा. पत्र, दोन वर्षांचा भाड्याचा हिशोब, प्रॉपर्टी टॅक्सची बिलं आणि भारतात कायमचे आलात त्या दिवसाचा पासपोर्टचा शिक्का, एवढं एका फाइलीत घेऊन या.